त्वचेवरचा डाग काय सांगतो? : त्वचाविकार आणि त्वचेचा कर्करोग, ओळख आणि उपचार



आजचा लेख माझ्या एका चुकीपासून सुरू करते. मी अंबडमध्ये विज्ञान शिकवते. आमच्या वर्गातली बरीचशी मुलं औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या घरांतली आहेत. काही वर्षांपूर्वी सहावीतल्या एका मुलीच्या मानेवर गोल, लालसर चट्टा दिसला. कडा उंचावलेल्या, मधला भाग जरा स्वच्छ, आणि सतत खाज. तिची आई शाळेत आली तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "ताई, नायटा आहे हा. मेडिकलमधून एखादी ट्यूब आणा, आठ दिवसांत जाईल."

ट्यूब आली. चार दिवसांत खाज थांबली. मुलगी खूश, आई खूश, मीही खूश. दोन महिन्यांनी चट्टा मानेवरून गालावर आला होता. धाकट्या भावाच्या कमरेवर आणि आईच्या मांडीवरही तेच. शेवटी त्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या. डॉक्टरांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. त्यात बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड होतं. आठ दिवसांचं काम पुढे तीन महिने चाललं, आणि तेही तिघांचं. त्या मुलीने तेवढे दिवस शाळेत रुमालाने गाल झाकला.

त्वचा हे ज्ञानेंद्रिय आहे, हे आपण वर्गात शिकवतो. पण त्वचेवर काही उठलं की शेजारीण, मेडिकलवाला आणि आपण शिक्षकसुद्धा लगेच डॉक्टर होतो. म्हणून आजचा पाठ आपल्या सगळ्यांसाठी आहे.

१. त्वचा : थोडी उजळणी

मोठ्या माणसाच्या त्वचेचं क्षेत्रफळ साधारण दीड ते दोन चौरस मीटर भरतं. वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. तिच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि मृत होऊन गळून पडतात. या प्रवासाला सुमारे चार आठवडे लागतात. याच थरात मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशीही असतात. खालच्या थरात रक्तवाहिन्या, चेता, घामाच्या व तेलाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं असतात.

हे चार आठवडे लक्षात ठेवा. साधं खरचटलेलं त्याहून लवकर भरून येतं. एखादी जखम चार आठवड्यांनंतरही भरत नसेल, तर तिचं कारण शोधायलाच हवं.

२. निदान कसं करतात?

त्वचेचा आजार डोळ्यांना दिसतो, म्हणून तो ओळखणं सोपं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात पाच-सहा वेगळे आजार अगदी सारखे दिसू शकतात. डॉक्टर आधी प्रश्न विचारतात. कधी सुरू झालं? खाज रात्री जास्त येते का? घरात आणखी कुणाला आहे? काम काय करता? आधी काय लावलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना आपण हमखास लाजतो. लाजू नका, वापरलेली ट्यूब सोबत घेऊन जा.

त्यानंतर गरजेप्रमाणे तपासण्या होतात.

* खवल्यांची तपासणी : चट्ट्याच्या कडेचे खवले खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशी असेल तर तिचे धागे दिसतात.
* डर्मोस्कोप : प्रकाश असलेलं खास भिंग. तीळ किंवा डागाची आतली रचना यातून दिसते.
* पॅच टेस्ट : संशयित पदार्थांच्या छोट्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि तेव्हा व त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. कशाची ॲलर्जी आहे ते यातून कळतं.
* बायोप्सी : जागा बधिर करून त्वचेचा लहानसा तुकडा काढतात आणि विकृतिशास्त्रज्ञ तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

बायोप्सीबद्दल एक भीती घराघरांत आहे : "सुई लावली की कॅन्सर पसरतो." त्वचेच्या बायोप्सीने कर्करोग पसरत नाही. या भीतीने जे महिने वाया जातात, त्या महिन्यांत मात्र तो नक्की वाढतो.

३. नायटा आणि खरूज : घरभर फिरणारे पाहुणे

नायटा, म्हणजेच गजकर्ण, बुरशीमुळे होतो. स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की सूज आणि खाज दबते, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते. बुरशीला रान मोकळं मिळतं. चट्ट्याचं रूप बदलतं आणि मग डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो. वर त्वचा पातळ होणं, मुरमं येणं, ताणाच्या रेघा पडणं हे वेगळंच. देशभर हा प्रकार इतका वाढला की २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं अनुसूची 'एच'मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी घराघरांतली औषधांची पिशवी उघडून पाहा. एखादी ट्यूब सापडेलच.

नायट्याचा उपचार सांगितलेल्या मुदतीपर्यंत पूर्ण करावा लागतो. खाज थांबली म्हणून मध्येच सोडायचा नाही. टॉवेल, कपडे वेगळे ठेवा, उन्हात वाळवा. घट्ट जीन्स आणि घामाने ओले कपडे टाळा. घरात दुसऱ्या कुणाला असेल तर त्याचाही उपचार एकाच वेळी करा.

खरूज हा वेगळा आजार. तो एका सूक्ष्म किड्यामुळे होतो. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेवर पुरळ येतं आणि रात्री अंथरुणात खाज वाढते. यात पर्मेथ्रिन ५ टक्के हे मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत रात्रभर लावतात आणि आठवड्याने पुन्हा लावतात. खाज असो वा नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. एकट्या मुलाला लावलं तर खरूज पुन्हा येते, आणि मग आपण म्हणतो, "औषध लागू पडत नाही."

या दोन्ही आजारांत मुलाला 'अस्वच्छ' ठरवू नका. दाटीवाटीने राहणाऱ्या कुठल्याही घरात हे पसरतं. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं झोपत असतील, तर त्यात मुलाचा काय दोष?

४. न खाजणारा, न दुखणारा डाग

खाज आली की आपण निदान धावपळ तरी करतो. पण एखादा फिकट किंवा तांबूस डाग खाजत नाही, दुखत नाही आणि त्यावर स्पर्शही नीट कळत नाही, तेव्हा विशेष सावध व्हा. हे कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. तरीही "पूर्वजन्मीचं पाप" ही समजूत आपल्याकडे फार काळ टिकली. याच समजुतीविरुद्ध बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार मिळू लागला : रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमीन. हा उपचार सहा किंवा बारा महिने चालतो. तो सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतो आणि सुरू झाल्यावर लवकरच रुग्णापासून होणारा संसर्ग थांबतो. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर रुग्णांचं प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आलं. त्याने आजार संपला असा समज झाला, पण तो संपलेला नाही, आणि महाराष्ट्रात आजही नवे रुग्ण सापडतात.

उशीर झाला तर चेता निकामी होतात, बोटं वाकडी होतात. वेळेत उपचार मिळाले तर मूल शाळेतून एक दिवसही बाहेर काढायची गरज नसते. म्हणून मुलाच्या अंगावर असा डाग दिसला तर वर्गासमोर बोलू नका. पालकांना बाजूला बोलावून शांतपणे सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा तो डाग त्यांना मुद्दाम दाखवा. प्रत्येक पांढरा डाग कुष्ठाचा नसतो. कोड, शिबं, साधा कोरडेपणा यांमुळेही डाग पडतात. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, तिथे स्पर्श नीट कळतो आणि तो संसर्गजन्य मुळीच नाही. फरक डॉक्टर ठरवतील.

५. अंबडच्या हातांचा प्रश्न

आता आपल्या घरचा विषय. पालकसभेत एक वडील नेहमी हात खिशात घालून बसायचे. सही करायला हात बाहेर काढला तेव्हा दिसलं : बोटांना भेगा, कातडी जाड, लाल. ते लेथवर काम करतात. म्हणाले, "मॅडम, कूलंटने होतं. सगळ्यांनाच होतं." मी म्हटलं, दाखवलं का कुणाला? उत्तर आलं, "खाडा पडतो."

याला संपर्कजन्य त्वचादाह म्हणतात. बोलीभाषेत इसब. तो दोन प्रकारचा असतो. पहिल्यात कूलंट, थिनर, डिटर्जंट त्वचेचं तेल ओढून घेतात आणि ती फाटते. हे कुणालाही होऊ शकतं. दुसरा ॲलर्जीचा. प्लेटिंगमधलं निकेल, सिमेंटमधलं क्रोमियम, रबरातली रसायनं काहींच्या शरीराला चालत नाहीत. एकदा ॲलर्जी झाली की नंतर थोडासा संपर्कही पुरतो. पॅच टेस्टमुळे नेमका पदार्थ कळतो, आणि तो टाळणं हाच खरा उपचार असतो.

घरी काय करता येईल? हात रॉकेलने किंवा थिनरने धुऊ नका. ग्रीस निघतं, पण कातडीही निघते. सौम्य साबण वापरा, हात कोरडे करा आणि व्हॅसलीन किंवा तसंच काही स्निग्ध लावा. रसायन हाताळताना योग्य हातमोजे वापरा. मात्र फिरत्या लेथ-ड्रिलजवळ हातमोजे घालू नका, ते अडकून हात आत ओढला जाऊ शकतो. तिथे मशिनला आडोसा आणि स्वच्छ, वेळेवर बदललेलं कूलंट हाच उपाय. तेलाने भिजलेलं फडकं पँटच्या खिशात ठेवण्याची सवयही सोडायला हवी.

पालकांना हेही सांगा, की १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत खनिज तेलामुळे होणारा त्वचादाह आणि रसायनांमुळे होणारा संपर्कजन्य त्वचादाह हे कळवण्याजोगे आजार म्हणून नोंदलेले होते. त्याच यादीत त्वचेचा कर्करोगही होता. राज्य कामगार विमा योजनेतल्या कामगाराला उपचाराचा हक्क असतो आणि वैद्यकीय रजेच्या काळात रोख लाभही मिळू शकतो. २०१७ मध्ये या योजनेची वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये झाली. पगारपत्रकावर ही कपात दिसते का, ते पाहायला सांगा. "खाडा पडतो" या भीतीवर निदान एक उत्तर तिथे आहे.

६. त्वचेचा कर्करोग : सवयी आणि कातडी

कामाचा आणि कर्करोगाचा संबंध पहिल्यांदा त्वचेवरच लक्षात आला. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये दाखवून दिलं, की धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे वृषणाच्या त्वचेचा कर्करोग होतो, आणि कारण असतं काजळी. नंतर इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांत यंत्राच्या तेलाने कपडे भिजणाऱ्या कामगारांत तसाच कर्करोग दिसला. शुद्ध न केलेली खनिज तेलं कर्करोगकारक आहेत, हे आज मान्य झालं आहे. खिशातल्या तेलकट फडक्याबद्दल मी वर लिहिलं, ते याचसाठी.

आपल्याकडचं उदाहरण मुंबईचं आहे. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी बी. सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांच्या सवयींशी जोडलेले भारतातले तीन नवे कर्करोग त्यात सांगितले होते. त्यांतला एक होता 'धोतराचा कर्करोग'. वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी घट्ट बांधलेलं धोतर काचतं, तिथली कातडी जाड होते, रंग बदलतो, जखम होते, आणि काहींत तिचा कर्करोग होतो.

पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही हेच दिसलं. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची माहिती 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात दिली. एक सत्तर वर्षांच्या, कमरेवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसऱ्या साठीच्या उत्तरार्धातल्या, चाळीस वर्षं लुगडं घट्ट नेसलेल्या. त्यांच्या जांघेतल्या गाठीपर्यंत रोग पोचला होता. दोघींत कारण तेच : काच.

हे वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "माझ्या आजीला आहे नाडीची जखम. हळद लावते ती." मी तिच्या आईला चिठ्ठी पाठवली. आजी आधी तयारच नव्हत्या, "म्हातारपणी कसली कापाकापी?" शेवटी गेल्या. बायोप्सीत कर्करोग निघाला नाही. नाडीऐवजी रुंद पट्टा लावला, जागा बदलून सैल बांधायला सुरुवात केली, उपचार घेतले आणि जखम भरली. भीती वाटली तरी तपासणी करण्याचा हा फायदा.

मेलॅनिनमुळे आपल्या लोकांत त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांपेक्षा बराच कमी आढळतो. पण कमी म्हणजे अजिबात नाही, असं नव्हे. त्याचे मुख्य प्रकार तीन.

* बेसल सेल : बहुधा चेहऱ्यावर चकचकीत, मोत्यासारखी गाठ. आपल्या त्वचेवर ती काळसरही दिसते. हळू वाढते, क्वचितच पसरते.
* स्क्वॅमस सेल : न भरणारी जखम किंवा खरखरीत, वाढणारा उंचवटा. जुन्या भाजल्याच्या व्रणावर, सतत काचणाऱ्या किंवा चिघळणाऱ्या जागी होऊ शकतो.
* मेलॅनोमा : रंग बनवणाऱ्या पेशींचा, सर्वांत धोकादायक. आपल्याकडे तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो आणि 'कुरूप' किंवा 'मुका मार' समजून राहून जातो. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो १९७७ मध्ये सापडला. १९८१ मध्ये, ३६ व्या वर्षी ते गेले.

तीळ पाहताना पाच प्रश्न विचारा. दोन्ही अर्धे भाग सारखे आहेत का? कड नीट आहे की वेडीवाकडी? रंग एकच आहे की दोन-तीन? आकार ६ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरापेक्षा, मोठा आहे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं : तो बदलतो आहे का?

उपचार : लवकर सापडलेला त्वचेचा कर्करोग बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने बरा होतो. गाठ आणि तिच्या भोवतीची थोडी निरोगी कातडी काढतात आणि कडेला रोग उरला नाही ना, ते तपासतात. काही जागी किरणोपचार देतात. मेलॅनोमात गाठ किती मिलिमीटर खोल गेली आहे, यावर पुढचं बरंच ठरतं. पसरलेल्या रोगासाठी प्रतिकारशक्तीला मदत करणारी औषधंही आता आहेत. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करायला सांगा. चामखीळ किंवा तीळ दोऱ्याने बांधणं, चुना लावणं, ब्लेडने कापणं हे मात्र कुणालाच करू देऊ नका.

७. वर्गात आणि घरी घ्यायच्या कृती

१. मुलांना घरातल्या मलमांच्या ट्यूबवरची घटकद्रव्यं वहीत उतरवून आणायला सांगा. शेवटी 'सोन' किंवा 'सॉल' येणारी नावं, उदाहरणार्थ क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, ही स्टेरॉइडची असू शकतात, हे दाखवा.

२. महिन्यातून एकदा आंघोळीनंतर घरच्या मोठ्यांनी अंग पाहावं : तळपाय, नखं, बोटांच्या बेचक्या, कमर. आजी-आजोबांना दिसत नाही तिथे दुसऱ्याने पाहावं.

३. वर्गात एक वाक्य फळ्यावर लिहा : "चार आठवडे भरली नाही, तर दाखवा."

ती सहावीतली मुलगी आता मोठी झाली आहे. गालावर काही उरलेलं नाही. पण मी माझं उत्तर बदललं. कुणी पालक मुलाचा चट्टा दाखवून "मॅडम, काय असेल?" विचारतात, तेव्हा मी सांगते, "ते मला ओळखता येणार नाही. पण कुठे दाखवायचं ते सांगते, आणि तोवर काही लावू नका." तुम्हीही एवढंच सांगत चला.

लेख आवडला तर आपल्या शाळेतल्या सहकाऱ्यांना आणि पालकांच्या गटात जरूर पाठवा. पुढच्या पाठात भेटूच.